अक्षरांचा किल्ला

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, २३ तारखेस, सोनी या बलाढ्य कंपनीने ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा एक संगणकी खेळ मोठ्या थाटाने बाजारात आणला, आणि ६ सप्टेंबरला तो मुकाट्याने मागे घेतला. गिऱ्हाइकांचे पैसे परत करण्यात आले. ऑक्टोबर संपता संपता तो खेळ घडविणाऱ्या शाखेलाही कुलूप लागले. कित्येक कारागिरांची कित्येक वर्षांची मेहनत अवघ्या पंधरा दिवसांत नाहीशी झाली. त्याच वर्षी जानेवारीत मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळविभागातील १,९०० नोकरांना घरचा रस्ता दाखविला होता. या धंद्याचे गेल्या काही वर्षांतले धोरणच असे आहे की, पडद्यावरचे चित्र जितके खरे भासेल तितका खेळ थोर. गवताचे पाते हलले पाहिजे, घोड्याच्या अंगावरचा घाम चमकला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारा खर्च इतका वाढत चालला आहे की, एक खेळ पडला की त्याच्याबरोबर एक संस्था बुडते.

अशा वेळी, ज्याच्या पडद्यावर वर्षानुवर्षे एकही धड चित्र नव्हते अशा एका खेळाची हकीकत वाचकांपुढे ठेवणे अप्रस्तुत होणार नाही. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ म्हणजे बुटक्यांचा किल्ला हे त्याचे नाव. अमेरिकेच्या वायव्य टोकास असलेल्या वॉशिंग्टन राज्यातील टार्न अ‍ॅडम्स व झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी २००२ साली तो रचावयास घेतला, २००६ च्या ऑगस्टात तो लोकांस फुकट दिला, आणि आजमितीस तो पुरा झालेला नाही.

याच्या कुळाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला; पुढे बर्कलेचा केन आर्नल्ड त्यांस मिळाला. ‘रोग’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ लुच्चा किंवा भामटा. आपल्याकडील रोगाशी त्याचे नाते नाही, तरी तो एकदा जडला की सहसा बरा होत नाही, हेही खरेच. त्या काळी विद्यापीठात संगणक एक असे आणि त्याला जोडलेले पडदे अनेक; त्या पडद्यांवर अक्षरांखेरीज दुसरे काही उमटत नसे. तेव्हा भिंती आडव्या-उभ्या रेघांच्या झाल्या, राक्षसांना रोमन लिपीतली सव्वीस मोठी अक्षरे वाटून दिली गेली, आणि नायकाच्या वाट्यास ‘अ‍ॅट’चे ते वेटोळे आले, जे आज ईमेलच्या पत्त्यात आपण रोज पाहतो. तळघराची रचना दर खेपेस नवी आणि मरण आले की ते कायमचे, मागील पानावर परत जाण्याची सोय नाही, अशा दोन अटींवर तो खेळ उभा होता. त्या अटी पाळणाऱ्या खेळांचे पुढे मोठे घराणे झाले. २००८ साली बर्लिन येथे जमलेल्या मंडळींनी या घराण्याची लक्षणे ठरविण्याचा यत्नही केला. लक्षणांवर वाद होणारच, तो आजही चालू आहे. आपल्याला त्यात पडण्याचे कारण नाही.

अ‍ॅडम्स बंधूंनी या घराण्याचा वारसा घेतला आणि त्यात एक विलक्षण भर घातली. रोगमध्ये दर खेपेस एक तळघर नवे निर्माण होई. यांच्या खेळात एक सबंध जग निर्माण होते. प्रथम डोंगर उठतात, पावसाचा हिशेब होऊन नद्या वाहू लागतात, मग वस्त्या वसतात, आणि इतिहास सुरू होतो. तो पाच वर्षांचा हवा की हजारावर वर्षांचा, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. राजे जन्मतात, मरतात, लढाया होतात, कोणाचा हात कोणत्या लढाईत तुटला याची नोंद राहते. आपण त्या जगात पाय ठेवण्यापूर्वीच त्याचे दफ्तर तयार असते. पुढे आपण सात बुटक्यांची एक तुकडी व एक गाडा घेऊन एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी उतरावयाचे आणि खोदकामास लागावयाचे. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटके लहानपणी ज्यांनी ऐकले असतील त्यांस ही संख्या ओळखीची वाटेल. पण साम्य तेथेच संपते. या बुटक्यांना आवडी-निवडी आहेत, स्मृती आहेत, दुःखे आहेत. दारू मिळाली नाही तर त्यांचे काम मंदावते. एखाद्यास मध्येच झपाटल्यासारखे होते. तो कारखाना अडवून बसतो, अमुक हाड व तमुक रत्न आणा म्हणतो. ते मिळाले तर त्याच्या हातून एखादी अजोड वस्तू घडते आणि तिच्यावर त्या जगाच्या इतिहासातला एखादा प्रसंगही कोरलेला असू शकतो. न मिळाले तर त्याला वेड लागते.

हे सारे पडद्यावर दिसे कसे? बुटका म्हणजे एक हसरा चेहरा, कारण १९८१ च्या आय.बी.एम. संगणकाच्या वर्णमालेत तो चेहरा एक अक्षर म्हणून होता. मांजर म्हणजे लहान ‘सी’, कुत्रा म्हणजे लहान ‘डी’, आणि मोठा ‘डी’ आला की तो अग्निमुखी सर्प होय. पत्त्यांतले किलवर म्हणजे झाड. रंगांचा थोडा आधार. प्रथम पाहणाऱ्यास वाटे की छापखान्यात खिळ्यांचे खोके उपडे झाले आहे.

येथे एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. आपल्याकडे स्वरलिपीची पुस्तके घरोघर होती व काही घरांत अजून आहेत. ज्याने गाणे ऐकलेले नाही त्याला त्या पानावर ‘सा’, ‘रे’, ‘ग’ आणि काही टिंबे-रेघा एवढेच दिसते. ज्याचा कान तयार आहे तो पान उलटता उलटता डोलू लागतो. वर्तमानपत्रात छापलेला बुद्धिबळाचा डाव वाचून पट नसताना घोड्याची चाल पाहणारे गृहस्थही आपल्या पाहण्यात असतील. अक्षर वस्तूसारखे दिसत नाही, ते वस्तूची आठवण करून देते. उरलेले काम वाचणाऱ्याचे मन करते. बुटक्यांचा किल्ला वर्षभर खेळलेल्या माणसास लहान ‘सी’ दिसेनासा होतो आणि मांजर दिसू लागते, तेही त्याच्या स्वतःच्या घरातले. हजार खेळाडूंचे हजार सर्प असतात.

परंतु या अक्षरांचे समर्थन केवळ रसिकतेच्या भाषेत करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्यामागे व्यवहाराचे एक रोखठोक कारण आहे, आणि आमच्या मते तेच अधिक महत्त्वाचे. टार्न अ‍ॅडम्स हे गणिती. स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते टेक्सासमध्ये पुढील संशोधनास गेले आणि एका वर्षात ते पद सोडून या खेळाला लागले. थोरले झॅक यांचा विषय प्राचीन इतिहास. एकाने आज्ञावली लिहावयाची आणि दोघांनी मिळून जग कल्पावयाचे, असा प्रपंच. चित्रांचा खेळ असता तर टार्नच्या मनात आलेल्या प्रत्येक नव्या प्राण्याकरिता कोणी तरी चित्रकार बसवावा लागला असता. तो प्राणी चालतो कसा, पडतो कसा, लंगडतो कसा, हे निराळे काढावे लागले असते. अक्षरांत तो खर्चच नाही. जखम झाली तर ती कातडीला, चरबीला, स्नायूला की हाडाला, हे आज्ञावलीने ठरवावे आणि शब्दांनी सांगावे. डोळ्यांना दाखवावयाचे नसल्यामुळे दोन माणसे इतके खोल जाऊ शकली. मोठ्या कंपन्यांचे शेकडो कारागीर गवत हलविण्यात गुंतलेले असताना हे दोघे भाऊ आपल्या बुटक्यांना आजी-आजोबा देत होते.

या खोलीचे एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी खेळात दारूचे गुत्ते घातले. थोड्याच दिवसांत तक्रार आली की किल्ल्यातील मांजरे एकाएकी मरत आहेत. शत्रू नाही, साथ नाही, भांडण नाही. टार्नने शोध घेतला तेव्हा असे निघाले की, गुत्त्यात बुटके पेले सांडतात. त्या सांडलेल्या दारूवरून मांजरे चालतात. त्यांचे पंजे भिजतात. आणि मांजराचा स्वभावच असा की ते पंजे चाटते. येथवर सर्व यथासांग होते. चूक एवढीच की, प्रत्येक चाटण्याबरोबर मांजराच्या पोटात एक पुरा पेला जात असल्याचा हिशेब लागत होता. एवढ्याशा देहाला ती मात्रा कशी सोसावी? मांजरांनी दारू पिऊन मरावे असे कोणी लिहिलेले नव्हते. सांडणे, भिजणे, चाटणे आणि चढणे हे चार निरनिराळे नियम निरनिराळ्या वेळी लिहिले गेले होते. ते एकमेकांस भेटले आणि गोष्ट आपोआप घडली. कादंबरीकाराला जे योजून करावे लागते ते येथे न योजता होते. ‘मांजर मरते’ असे चित्र काढणाऱ्या चित्रकाराला हे कधीही साधले नसते.

म्हणूनच या खेळाभोवती एक वाङ्मय उभे राहिले. २००६–०७ मध्ये काही खेळाडूंनी मिळून एकच किल्ला आळीपाळीने चालविला. एकाने एक वर्ष राज्य करावे, घडलेले लिहून ठेवावे आणि पुढच्याच्या हाती किल्ला सोपवावा. ‘बोटमर्डर्ड’ नावाच्या त्या किल्ल्याची कहाणी हत्तींच्या हल्ल्यांनी, लाव्हारसाच्या पुरांनी आणि कारभाऱ्यांच्या मूर्खपणाने भरलेली आहे. आपल्याकडे तिला बखरच म्हणतील: मागील कारभाऱ्यावर सारा दोष, स्वतःच्या कारभाराची स्तुती, आणि शेवटी सर्वनाश. खेळाडूंत एक म्हण पडून गेली आहे की हरण्यातच मौज आहे. आणि खरोखरच, जिंकण्याची अशी काही व्यवस्था या खेळात नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली प्रथमच चौदा संगणकी खेळ आपल्या संग्रहात घेतले, त्यात हा एक होता. ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ आज शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे. त्याच्या कर्त्यानेही या किल्ल्याचे ऋण मान्य केलेले आहे.

मान मिळाला, पोटाचे काय? संस्थानी शहरात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांस राजाश्रयाचे सुख आणि त्याचे ओझे दोन्ही ठाऊक आहेत. दरबारी गवयाला तनखा मिळे, पण सणाला कोणती चीज गावी हे दरबार ठरवी. अ‍ॅडम्स बंधूंनी कोणा कंपनीची चाकरी पत्करली नाही. सोळा वर्षे ते शुद्ध लोकाश्रयावर जगले. खेळ फुकट, ज्यास वाटेल त्याने वाटेल तेवढे पाठवावे, पाठविणाऱ्यास झॅकने लिहिलेली एक छोटी गोष्ट किंवा भावांनी मेणखडूने काढलेले एक चित्र उलट टपाली मिळे. कीर्तनानंतर फिरणाऱ्या थाळीत पडेल त्यावर घर चालविण्याचाच हा प्रकार. गरजा थोड्या, घर साधे, आणि काम रात्री जागून. त्यांचे चालले होते.

मग झॅक यांना त्वचेचा कर्करोग झाला. उपचार झाले, संकट टळले. पण अमेरिकेत आजारीपणाचा खर्च ही काय चीज आहे हे दोघा भावांच्या तेव्हा ध्यानी आले. चाळिशी उलटलेली, नोकरी नाही, आणि पुढचे दुखणे कोणाला व केव्हा येईल याचा नेम नाही; आले तर थाळीतल्या पैशांनी भागणार नाही. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांनी जाहीर केले की, चित्रे असलेली एक आवृत्ती विकत मिळेल. माँट्रिअलची किटफॉक्स ही छोटी संस्था प्रकाशनाचे काम पाहील. आणि अक्षरांची जुनी आवृत्ती पूर्वीसारखीच फुकट राहील. चित्रांसाठी बाहेरचा कोणी नामांकित चित्रकार न आणता, ज्या खेळाडूंनी आपल्या हौसेखातर या खेळाला पूर्वीच चित्रे काढून दिली होती त्यांनाच बोलावले, ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली.

ती आवृत्ती ६ डिसेंबर २०२२ रोजी निघाली. किंमत २९ डॉलर ९९ सेंट. दोन महिन्यांत जेवढा खप होईल असा प्रकाशकांचा अदमास होता, तेवढ्या म्हणजे सुमारे १,६०,००० प्रती एका दिवसात गेल्या. महिनाअखेर आकडा पाच लाखांच्या घरात पोचला. २००६ पासून भाऊ दर महिन्याची जमा लोकांस सांगत आले आहेत. पूर्वी ती काही हजार डॉलरांची असे. २०२३ च्या जानेवारीची त्यांनी जाहीर केलेली जमा ७२ लाख डॉलरांच्या वर होती.

या यशाने जुने खेळाडू सारेच खूष झाले असे नाही. त्यांच्या नाराजीचे दोन भाग आहेत आणि ते वेगवेगळे तोलले पाहिजेत. चित्रांनी कल्पना बांधली जाते, ही तक्रार खरी आहे. आता सर्प म्हणजे अमुक रंगाचा, अमुक पंखांचा, सर्वांना सारखाच. जे हजार होते त्यांचा एक झाला. ही हानी आहे आणि ती भरून येण्यासारखी नाही. परंतु जुन्या कळफलकाच्या नावाने जे अश्रू ढाळले जातात त्यांत आम्ही सामील होऊ शकत नाही. त्या व्यवस्थेत ‘के’ ही कळ किल्ला चालविताना ‘पाहा’ असा अर्थ देई आणि एकट्या वाटसरूच्या खेळात ‘बोल’ असा. एका यादीत वर-खाली जाण्यास बाणांच्या कळा, तर दुसरीत अधिक-उण्याच्या. इमारतीची लांबी-रुंदी वाढवावयाची तर तिसऱ्याच कोणत्या चार अक्षरांच्या. अक्षरांनी जग दाखविणे ही कला होती. हा मात्र निव्वळ गबाळेपणा होता, वर्षानुवर्षे खोल्या वाढवीत गेलेल्या जुन्या वाड्यात न्हाणीघर सापडू नये तसा. सवयीने तो प्रिय झाला म्हणून गुण ठरत नाही. नव्या आवृत्तीने माऊस आणला, तो योग्यच केले. मात्र माऊस आणताना कळफलक जवळजवळ मोडीतच काढला, हे उतावळेपणाचे झाले. ज्यांची बोटे सोळा वर्षे त्या कळांवर नाचली होती त्यांचे हात एकदम लुळे पडले. पुढे ती सोय थोडीथोडी परत आणावी लागली.

आमच्या दृष्टीने खरी कसोटी निराळी होती. दाराशी गर्दी झाली की घरातल्यांचा कल बदलतो. आत खोल खणण्याऐवजी दाराला तोरणे बांधण्यात दिवस जातात. येथेही आता प्रत्येक नव्या प्राण्यामागे एक चित्र आले, म्हणजे जो खर्च टाळून हे जग उभे राहिले होते तोच शेवटी मानगुटीस बसला. त्याची खूण लगेच दिसली. रोगच्या घराण्याशी या खेळाची जी सख्खी शाखा, म्हणजे एकट्या वाटसरूने त्या जगात भटकण्याचा खेळ, ती २०२२ च्या सचित्र आवृत्तीत नव्हतीच. २०२४ च्या एप्रिलमध्ये ती कच्च्या रूपात आली आणि पक्की होण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. अक्षरांच्या राज्यात जी गोष्ट २००६ पासून होती, ती चित्रांच्या राज्यात यावयास दोन वर्षांहून अधिक लागली.

ती आली हे मात्र चांगले झाले, कारण या भावांनी रोगच्या कठोर अटीला जे वळण दिले ते तिच्यातच दिसते. वाटसरू मेला की मेला. ही अट त्यांनी ठेवली. पण जग मरत नाही. तुम्ही दुसरा वाटसरू घेऊन त्याच जगात या, पहिला जेथे पडला तेथे जा. त्याचे शस्त्र तेथे पडलेले असेल. पूर्वी तुमच्या हातून बुडालेला किल्ला ओसाड पडलेला दिसेल. त्याच्या भिंतीवर तुमच्याच बुटक्याने कोरलेले एखादे चित्र असेल, आणि आता त्या दालनात दुसरेच कोणी तरी राहावयास आलेले असेल. कॉन्कॉर्डची चित्रे कितीही सुबक असली तरी कंपनीच्या यंत्रावरचा दिवा मालवताच ती सर्वांकडून एकदम गेली. अ‍ॅडम्स बंधूंचे जग ज्याच्या त्याच्या घरच्या संगणकात आहे. ते बंद करण्याची कळ कोणाही कंपनीच्या हाती नाही.

बंधूंनी फार पूर्वी एक यादी केली होती. खेळात मुख्य अशा शंभर गोष्टी घालावयाच्या, आणि ज्या जमल्या त्यांची संख्या आवृत्तीच्या आकड्यात लिहावयाची. २०२१ साली तो आकडा सत्तेचाळीस होता. विक्रीस आलेल्या आवृत्तीवर पन्नास पडला, आणि त्यानंतर तो थोडा पुढे सरकला आहे. प्रत्येक जगाला त्याची स्वतःची दैवतकथा व स्वतःची जादू असावी, हे काम टार्न अ‍ॅडम्स कित्येक वर्षे बोलून दाखवीत आले आहेत. ते अजून व्हावयाचे आहे.